डोनरच्या शुक्राणूंनी पहिलं बाळ: पाठच्या भावंडासाठी आत्ताच काय करून ठेवावं लागतं?

सांगलीची_हळद

माझं वय ३२, मिस्टरांचं ३६. मिस्टरांच्या तीन तपासण्यांत शुक्राणू शून्य, एफएसएच (शुक्राणू बनवायला लावणारं संप्रेरक) वाढलेलं, मायक्रो-टेसे (वृषणात थेट शुक्राणू शोधायची शस्त्रक्रिया) करूनही काही मिळालं नाही. डोनरचा निर्णय दोघांनी मिळून घेतला आहे, त्यावर चर्चा नको. माझं एएमएच (अंड्यांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) २.१, दोन्ही नळ्या मोकळ्या. रक्तगट माझा ओ निगेटिव्ह, मिस्टरांचा ए निगेटिव्ह.

आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) सांगलीतच करणार आहोत, क्लिनिक लेव्हल १चं, म्हणजे फक्त आययूआय करणारं आहे. शुक्राणू पुण्याच्या बँकेतून गोठवलेल्या छोट्या कुप्यांतून (व्हायल) येतील. क्लिनिकचं म्हणणं, "सध्या दोन व्हायल मागवू, पुढचं पुढे बघू." पण आम्हाला मुलं दोन हवी आहेत आणि दोघांचा दाता एकच असावा असं वाटतं. तर आत्ता किती व्हायल घेऊन ठेवावेत? ते कुठे ठेवायचे आणि किती वर्षं टिकतात? पहिलं मूल असताना दुसऱ्यासाठी कायद्याची अडचण येते का? घरातून "दिराचंच घ्या, रक्त तरी घरातलं राहील" असंही सुचवलं जातंय, ते चालतं का?

मिरज_लॅब

ताई, "पुढचं पुढे बघू" हे पहिल्या बाळापुरतं चालून जाईल, पाठच्यासाठी नाही. एका दात्याचे व्हायल मोजकेच असतात. शिवाय २०२१च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या) कायद्यानुसार बँकेला एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. तुमच्या दात्याचे उरलेले व्हायल दुसऱ्या कुणाला जाणार नाहीत हा त्यातला फायदा. पण "राखून ठेवा" असं तुम्ही लेखी दिलं नसेल तर ते सांभाळत बसायला बँकेला काही कारण उरत नाही. दोन वर्षांनी फोन केला की "त्या दात्याचं आता काही शिल्लक नाही" असं ऐकायला मिळतं.

आता आकडे. तुमच्या वयाला, नळ्या मोकळ्या असताना, डोनरच्या आययूआयमध्ये एका पाळीला दिवस राहण्याची शक्यता शंभरात १० ते २० धरतात. मधला १५ घ्या. दोन वेळा केलं तर एकदा तरी यश येण्याची शक्यता २८ टक्के, तीन वेळा ३९, चार वेळा ४८, सहा वेळा ६२. म्हणजे दोन व्हायलवर पहिल्याचीच खात्री नाही, दुसऱ्याचं तर सोडाच. त्यात काही गर्भ पहिल्या तीन महिन्यांत पडतात, तेही हिशेबात धरायला हवं.

माझा हिशेब असा: पहिल्यासाठी ४ ते ६, दुसऱ्यासाठी ४, आणि २ व्हायल हात न लावता बाजूला. हे दोन कशाला? आययूआयने जमलंच नाही तर आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर गर्भ तयार करणं) इक्सी, म्हणजे सुईने अंड्यात शुक्राणू सोडणं, करताना एका अंड्याला एकच शुक्राणू लागतो. एका व्हायलमध्ये सगळी अंडी होतात. चांगले दहा व्हायल आययूआयमध्ये संपवून शेवटी आयव्हीएफसाठी त्याच दात्याचा थेंब उरू नये, यासारखी हळहळ नाही. बँक म्हणाली की या दात्याचे सहाच आहेत, तर तीन आययूआय करायचे आणि तिथेच थांबायचं. उरलेले तीन आयव्हीएफसाठी राखायचे.

पण किती व्हायल हे विचारण्याआधी एका व्हायलमध्ये काय आहे ते विचारा. सगळे व्हायल सारखे नसतात. बँकेच्या रिपोर्टवर तीन आकडे बघायचे: किती मिली, मिलीला किती मिलियन आणि वितळवल्यानंतर त्यातले किती टक्के हलतात. तिन्हींचा गुणाकार करा. समजा ०.५ मिली, मिलीला ४० मिलियन, हालचाल ३५ टक्के. हलणारे झाले ७ मिलियन. हा व्हायल न धुतलेला असेल तर धुताना त्यातले बरेच जातात आणि हातात तीन-चार मिलियन राहतात. आययूआयला धुतल्यानंतर ५ मिलियनच्या खाली शक्यता उतरत जाते, १०च्या आसपास असतील तर निश्चिंत. म्हणून "आययूआय-रेडी", म्हणजे आधीच धुऊन गोठवलेला व्हायल आहे का ते विचारा आणि वितळवल्यानंतर हलणारे १० मिलियन असतील असं लेखी मागा. गोठवण्याआधीचा आकडा दाखवून कुणी खूश करत असेल तर तो धरू नका. गोठवण्या-वितळवण्यात निम्म्याच्या आसपास हालचाल जाते.

दात्याचा नमुना गोठवल्यावर सहा महिने क्वारंटाइनमध्ये असतो. सहा महिन्यांनी दात्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांची तपासणी पुन्हा होते आणि ती निगेटिव्ह आली तरच व्हायल बाहेर पडतो. नुकताच लागलेला संसर्ग पहिल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून हा काळ. दोन्ही तपासण्यांच्या तारखा रिपोर्टवर असायला हव्यात. "संपले तर दात्याला परत बोलवू" असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नका. तो आलाच तरी पुन्हा सहा महिने थांबणं आलं.

साठवण. कायद्याने जास्तीत जास्त १० वर्षं, आणि ती नमुना गोठवला त्या तारखेपासून मोजा, तुम्ही पैसे भरल्यापासून नाही. मार्च २०२५मध्ये गोठवलेला व्हायल मार्च २०३५पर्यंतच. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला शुक्राणू काळाने खराब होत नाहीत. ही मर्यादा कायद्याची आहे.

लोक लोडशेडिंगची भीती घालतात. ही टाकी विजेवर चालत नाही. गाई-म्हशींना भरवायला कांड्या घेऊन येणाऱ्यांच्या गाडीवर जो नायट्रोजनचा कॅन असतो, तेच तत्त्व. थर्मासच तो. धोका नायट्रोजन उडून जाण्याचा असतो. कॅनमध्ये मोजपट्टी घालून पातळी बघायची आणि वेळेवर भरायचं, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून सांगलीकरांनी एक प्रश्न जास्तीचा विचारावा: टाकी कुठल्या मजल्यावर आहे? २०१९ आणि २०२१ला कृष्णेचं पाणी कुठपर्यंत आलं ते सांगायला नको. तळमजल्यावरची टाकी नकोच. टाकी वर असली तरी रस्ते बंद पडले की नायट्रोजनची गाडी येत नाही. माझा सल्ला, सगळा साठा पुण्याला बँकेतच ठेवा आणि पाळी सुरू झाली की त्या वेळेपुरता एकच व्हायल मागवा.

पुणे ते सांगली प्रवासात काही बिघडत नाही. ड्राय शिपर (नायट्रोजन शोषून घेतलेला प्रवासाचा कॅन) नीट भरलेला असला तर कित्येक दिवस थंडी धरतो, इथे तर पाच तासांचा प्रश्न. फक्त तो उभा राहिला पाहिजे आणि वाटेत झाकण उघडता कामा नये. पोचल्यावर दुसऱ्या टाकीत टाकताना मात्र सेकंदांचा हिशेब असतो. व्हायल बोटात धरून लेबल वाचत बसलं की तो वितळायला लागतो, आणि अर्धवट वितळून पुन्हा गोठला की कामातून गेला. लेबल चिमट्यात, नायट्रोजनच्या वाफेतच वाचायचं.

आययूआयच्या दिवशी तुम्ही दोघांनी लेबल बघायला मागा. लाजायचं कारण नाही. दात्याचा कोड, गोठवल्याची तारीख, तुमचं नाव किंवा नंबर. एकाने वाचायचं, दुसऱ्याने कागदाशी ताडायचं, मगच व्हायल ३७ अंशाच्या पाण्यात. वितळला की एक थेंब मॅकलर चेंबरवर (मोजणीच्या काचेवर) घेऊन मोजतात. तो आकडा फाईलमध्ये लिहून घ्या. पहिल्या तीन वेळा ३-४ मिलियनच येत असेल तर दोष तुमच्यात शोधण्याआधी व्हायलमध्ये शोधता येतो.

स्त्रीरोग_कराड

वरचं लॅबचं सगळं बरोबर आहे. पण या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती रक्तगटाची, आणि ते कुणी लिहिलं नाही.

ताई, तुम्ही ओ निगेटिव्ह, मिस्टर ए निगेटिव्ह. गरोदरपणाच्या कार्डावर "पतीचा रक्तगट" असा रकाना असतो. तिथे ए निगेटिव्ह लिहिलं जाईल. बाळंतपण दुसऱ्या दवाखान्यात असेल तर तिथले डॉक्टर दोन्ही निगेटिव्ह बघून म्हणतील, बाळही निगेटिव्हच असणार, अँटी-डीची (निगेटिव्ह आईच्या रक्तात प्रतिपिंडं बनू न देणाऱ्या इंजेक्शनची) गरज नाही. पण बाळाचा रक्तगट दात्याकडून ठरणार आहे! आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात साधारण पाच, त्यामुळे दाता पॉझिटिव्ह असण्याची शक्यताच जास्त. तुम्हाला पॉझिटिव्ह बाळ झालं आणि अँटी-डी मिळालं नाही, तर तुमच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, फटका पाठच्याला बसतो. ती प्रतिपिंडं वारेतून जाऊन दुसऱ्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. पोटात रक्तक्षय, जन्मल्यावर जोराची कावीळ, कधी त्याहून वाईट. भावंडाचं नियोजन करणाऱ्या निगेटिव्ह आईने व्हायलच्या आधी हे डोक्यात ठेवावं.

करायचं काय: बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना एकांतात सांगायचं. बाकी स्टाफला सांगायची गरज नाही. तेही नको वाटत असेल तर निदान ठाम राहायचं, "मला २८व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी हवंच, आणि बाळाच्या नाळेतल्या रक्ताचा गट बघा." बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं इंजेक्शन. मध्ये गर्भपात झाला किंवा रक्तस्राव झाला तरी डॉक्टरांना अँटी-डीबद्दल विचारायचंच. दुसऱ्यासाठी सुरुवात करण्याआधी इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट (ही प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) करा. निगेटिव्ह आली की पुढे व्हा.

बँकेकडे निगेटिव्ह दाता मागून बघा. मिळाला आणि बाकी रिपोर्ट चांगले असले तर ही कटकटच नको. पण निगेटिव्ह मिळतोय म्हणून कमी मोजणीचे व्हायल घेऊ नका, अँटी-डी सहज मिळतं. ए, बी, ओचं म्हणाल तर ए किंवा ओ दाता घ्या. बी गटाचा दाता घेतला तर ओ आई आणि ए वडिलांच्या घरी बी गटाचं मूल येऊ शकतं आणि शाळेच्या कार्डावर रक्तगट लिहायच्या वेळी नको तिथे प्रश्न उभा राहतो. मुलाला कळायचं ते तुमच्याकडून कळावं, लॅबच्या कागदावरून नाही.

हीच चूक थॅलेसेमियातही (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) होते. तुमची हिमोग्लोबिन एचपीएलसी तपासणी आधी करून घ्या. एचबीए२ वाढलेलं असेल, म्हणजे तुम्ही वाहक असाल, तर दात्याचा त्याच तपासणीचा रिपोर्ट मागा. मिस्टरांची तपासणी इथे कामाची नाही. दोघं वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका, पहिलं निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही.

दोन मुलांतलं अंतर. जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान २४ महिने थांबायला सांगते. सिझर झालं असेल तर टाका भरून यायलाही वेळ हवा, तिथे घाई नको. आज ३२, पहिलं ३३-३४ला झालं तर दुसऱ्याची सुरुवात ३६च्या सुमारास येते, आणि ३५नंतर दर पाळीची शक्यता उतरते. म्हणून दुसऱ्यासाठीचे व्हायल पहिल्याइतकेच लागतात. "एकदा राहिलं म्हणजे दुसऱ्यांदा पटकन राहील" असं समजून दोनच ठेवू नका. सुरुवातीला एएमएच, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफीत अंडी मोजून घ्या. बाळ अंगावर पीत असेल आणि पाळी अनियमित असेल तर आधी ती सुरळीत होऊ द्या.

गोठवलेल्या शुक्राणूंबाबत आणखी एक. ते ताज्यांइतके टिकत नाहीत, गर्भाशयात गेल्यावर दिवसभराचंच काम धरा. म्हणून वेळ चुकून चालत नाही. अंड्याची पिशवी १८ ते २० मिमी झाली की एचसीजीचं (अंडं फुटण्यासाठीचं) इंजेक्शन आणि तिथून साधारण ३६ तासांनी आययूआय. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी सुरू, आणि व्हायल त्याआधी सांगलीत पोचलेला हवा. इंजेक्शन शुक्रवारी रात्री झालं, आययूआय रविवारी आलं आणि लॅबचा माणूस सुट्टीवर, असे महिने वाया जातात. आधीच विचारून ठेवा.

आणि "जुळीच होऊ दे, एकदम दोन्ही प्रश्न मिटतील" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, आईचा रक्तदाब वाढतो, बाळं काचेत ठेवावी लागतात. तीन-चार अंडी मोठी झाली तर ती पाळी सोडून द्यायची. व्हायल वितळवलेला नसतो तोपर्यंत काही वाया जात नाही.

कागदपत्र_सातारा

कायद्यापुरतं सांगतो.

पहिलं मूल आहे म्हणून एआरटी कायद्यात दुसऱ्यासाठी आडकाठी नाही. लोक सरोगसीच्या कायद्याशी गल्लत करतात, "आधीचं मूल नको" ही अट तिथली आहे. इथे वयाची अट आहे: बाई २१ ते ५० आणि पुरुष २१ ते ५५च्या मधले हवेत. तुम्हाला भरपूर वेळ आहे. नवरा वयाने बराच मोठा असेल त्या घरांत दुसऱ्याच्या वेळी मिस्टरांचं वय आडवं येतं.

दिराचं चालत नाही. दात्याचा नमुना घेणं, तपासणं, साठवणं हे काम फक्त नोंदणीकृत बँकेचं. क्लिनिकला आपल्याच ओळखीच्या माणसाकडून नमुना घेऊन वापरता येत नाही. आणि दोन वीर्यं मिसळून देण्याची जुनी पद्धत कुणी सुचवली, "म्हणजे मिस्टरांचंही असेल" असं समाधान करायला, तर तिथून उठा. मिस्टरांचे शुक्राणू शून्य आहेत, त्या मिसळण्याने नुसता गोंधळ वाढतो.

मूल कायद्याने तुम्हा दोघांचंच. कलम ३१ तेच म्हणतं. दात्याचा हक्क राहत नाही, जन्मदाखल्यावर वडील म्हणून मिस्टरांचं नाव. दोन मुलांचे दाते वेगळे असले तरी वारसाहक्कात काडीचा फरक नाही.

बँकेचा आणि क्लिनिकचा नोंदणी क्रमांक राष्ट्रीय एआरटी आणि सरोगसी रजिस्ट्रीवर आहे का ते बघा. लेव्हल १मध्ये फक्त आययूआय होतं. आयव्हीएफची वेळ आली तर लेव्हल २ला जावं लागेल, तेव्हा राखलेले व्हायल तिकडे हलवायची परवानगी बँकेच्या करारात आत्ताच लिहून घ्या.

फाईलमध्ये हवंच असं: बँकेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, दात्याचा कोड, दात्याचा रक्तगट, वर्णन आणि तपासण्यांच्या प्रती, किती व्हायल तुमच्या नावे, प्रत्येकाची गोठवल्याची तारीख, दर वर्षीची फी आणि ती चुकली तर किती दिवसांची मुदत. पुष्कळ क्लिनिकं दात्याचा कोड जोडप्याला सांगतच नाहीत, "आम्ही बघतो" म्हणतात. कोड नसेल तर दुसऱ्या वेळी कुणाला काय मागणार? दात्याचं नाव तुम्हाला मिळणार नाही, मिळूही नये, पण कोड मागून घ्या.

संमतीपत्रावर दोघांच्या सह्या दुसऱ्या वेळी नव्याने होतात. पहिल्या वेळची सही दुसऱ्याला पुरत नाही. शुक्राणू किंवा भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते. उरलेल्या व्हायलचं, भ्रूणांचं काय करायचं हा रकाना लोक रिकामा सोडतात. तो भरा, दोघांपैकी एकाचं बरंवाईट झालं तर काय, हेही त्यात येतं.

सांगलीची_हळद

सगळ्यांचे मनापासून आभार. रक्तगटाचं तर कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. पहिल्यापासूनच आयव्हीएफ करून भ्रूण गोठवून ठेवले तर दोन्ही मुलांचा दाता आपोआप एक होईल ना? आणि एवढं करूनही दुसऱ्या वेळी त्या दात्याचं काही उरलं नाही, तर दुसरा दाता घ्यावा की थांबावं?

मिरज_लॅब

पहिल्या शंकेपुरतं. हो, भ्रूण त्याच दात्याचे, आणि अंडीही ३२व्या वर्षाची, हा मोठा फायदा. पाचव्या दिवसाचे भ्रूण व्हिट्रिफिकेशनने (अतिवेगाने गोठवण्याच्या पद्धतीने) गोठवले तर वितळवल्यावर शंभरातले नव्वदहून जास्त टिकतात. पण प्रत्येक टिकलेल्या भ्रूणातून बाळ होत नाही, तेव्हा एकच भ्रूण गोठवलेला असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका, तीन-चार असले तर बरं. मर्यादा इथेही १० वर्षांची. आणि भ्रूण मुलाचा की मुलीचा हे बघणं गुन्हा आहे. दुसरा मुलगाच हवा म्हणून कुणी आयव्हीएफकडे वळवत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तरी तुमच्या जागी मी सरळ आयव्हीएफ सांगणार नाही. नळ्या मोकळ्या, वय ३२, एएमएच ठीक. तीन-चार आययूआय करा. बँकेकडे त्या दात्याचे तीन-चारच व्हायल असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा आययूआय न करता पहिल्यापासून आयव्हीएफ करून भ्रूण राखावेत. ३७-३८च्या बाईलाही मी तेच सांगेन, कारण तिथे दात्यापेक्षा अंड्याचं वय मोठं.

अजिंक्यतारा_समुपदेशन

दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देते, हा प्रश्न समुपदेशनात कायम येतो.

दाता एक असला तर दोघं पूर्ण सख्खी, जनुकं सरासरी निम्मी सारखी. दाता वेगळा असला तर आईकडून अर्धी सख्खी, सरासरी चौथा हिस्सा. वैद्यकीय फरक प्रत्यक्षात एकाच ठिकाणी जाणवतो: पुढे कधी बोन मॅरोची गरज पडली तर पूर्ण सख्खं भावंड तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक असते, अर्ध्यात ती जवळजवळ नसते. अशी वेळ फार थोड्या घरांवर येते, त्यासाठी दुसरं मूल नाकारू नका.

एकत्र वाढलेल्या, एका ताटात जेवलेल्या, रोज भांडणाऱ्या मुलांना दात्याचा कोड एक आहे की दोन, याने भावंडपण कमी-जास्त वाटत नाही. त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा: एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही. किंवा मोठ्याला आत्याच्या तोंडून कळलं. म्हणून आत्ताच दोघांनी बसून ठरवा की घरात कुणाला सांगायचं. जितक्यांना सांगाल तितक्या जणांकडून ते मुलाच्या कानावर जाऊ शकतं. मुलाला सांगायचं असेल, आणि मी सांगाच म्हणते, तर तीन-चार वर्षांपासून, गोष्टीसारखं. "बाळ व्हायला आईकडचं एक बीज लागतं आणि एक दुसरं बीज लागतं. बाबांकडे ते नव्हतं, म्हणून एका भल्या माणसाने दिलं. मग तू आलास, आणि बाबांनी तुला पहिल्यांदा हातात घेतलं." एवढंच. दुसऱ्याच्या वेळी मोठ्याला तीच गोष्ट पुन्हा सांगायची, आता ती दोघांची. दाता वेगळा असेल तर "दुसऱ्या एका माणसाने दिलं" एवढा बदल. लहानपणी ऐकलेलं मूल ते सहज धरून मोठं होतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं की मुलाला इतकी वर्षं फसवल्यासारखं वाटतं. लपवून ठेवणंही आता अवघड आहे, घरबसल्या थुंकी पाठवून होणाऱ्या डीएनए चाचण्या आपल्याकडेही मिळतात.

बारशाला येणारं प्रत्येक माणूस पाळण्यात वाकून "कुणावर गेलंय गं?" विचारणार. त्यावर "अगदी बाबांचं नाक" असं रचून सांगू नका, ते वाक्य मुलाला पुढे आठवतं. "बघू या, मोठं होऊ दे" पुरतं. चार-पाच वर्षांत हसणं, चालणं, हात हलवून बोलणं बाबांसारखं होतंच, तेव्हा ते बिनधास्त सांगा, ते खरं असतं.

मिस्टरांशी दुसऱ्याच्या वेळी पुन्हा स्वतंत्र बोला. पहिल्याला होकार देणारे काही पुरुष दुसऱ्याला अडखळतात. मूल नको म्हणून नव्हे, सगळं पुन्हा त्या खोलीतून, त्या फॉर्मवरून जायचं म्हणून. सहीच्या दिवशी ते बाहेर येण्यापेक्षा दोन महिने आधी आलेलं बरं.

थांबायचं की वेगळा दाता घ्यायचा? माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला दोन मुलं हवी असतील तर वेगळा दाता घ्या. त्याच दात्यासाठी बँकेच्या मागे वर्ष-दीड वर्ष घालवलेल्या बाईचं वय तेवढं पुढे सरकतं, आणि मग दाता मिळूनही अंडी साथ देत नाहीत.

कागदपत्र_सातारा

एक राहिलं. पहिलं दुसऱ्या-तिसऱ्या व्हायललाच राहिलं तर घरात बाळाच्या गडबडीत वार्षिक फी हमखास विसरते. बँक एसएमएस पाठवते तो जुन्या नंबरवर. दोघांचे नंबर द्या, बदलला की लेखी कळवा, आणि जमलं तर दोन-तीन वर्षांची फी एकदम भरून पावती घ्या. फाईलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने तीन गोष्टी ठळक लिहा: दात्याचा कोड, शिल्लक व्हायल, आणि सगळ्यात जुन्या व्हायलची दहा वर्षं पूर्ण होण्याची तारीख. एक व्हायल वापरला की शिल्लक आकडा त्याच दिवशी खोडून नवा लिहायचा आणि बँकेकडून तेवढीच शिल्लक असल्याची मेल मागवायची. बँकेचा आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर ते त्याच आठवड्यात कळतं.

सांगलीची_हळद

सोमवारी बँकेला फोन करते. आधी त्या दात्याचे एकूण व्हायल किती आणि वितळवल्यानंतरची मोजणी काय ते विचारते, मग आरएच आणि एचपीएलसीचे रिपोर्ट. कोड मिळाल्याशिवाय पैसे भरत नाही.